शाळेचा चौथा वासा

आमचे भिकूआप्पा गावात कुणाला नावानं हाक मारत नाहीत. सरपंचाला म्हणतात "ए दरवाजा", किराणावाल्याला "दोन खिडक्या" आणि मला "चौथा वासा". तळेगावच्या भर बाजारात माझ्या मेथीच्या ढिगापलीकडून ओरडतात, "ए चौथा वासा, जुडी केवढ्याला?" लोक माझ्याकडं बघतात.

घोडकाठची आमची जुनी शाळा गावानं स्वतः बांधली. ज्याच्या घरानं जे दिलं, ते आप्पांच्या तोंडी त्याचं नाव. मी दुसरीत होतो तेव्हा मास्तरांनी सगळ्यांसमोर माझा कान धरला. पाटी तिथंच ठेवून निघालो, तो साठ वर्षं पुन्हा शाळेत पाऊल टाकलं नाही. मान म्हणजे मान.

मागच्या महिन्यात ठरलं, शाळा पाडायची. ज्याचं लाकूड त्यानं घरी न्यावं. कुणाचं कुठलं, हे फक्त आप्पांना ठाऊक. मग मलाही आत जावं लागलं.

आप्पा काठीनं आढ्याकडं दाखवत होते.

"ह्यो चौथा तुझ्या बापाचा. गोठ्याचा काढून दिला. पावसाळाभर तुमची म्हस उघड्यावर हुती."

बाप मला हे कधी बोलला नव्हता. मी मान वर करून बघतच राहिलो.

"आबा, मान अवघडंल," सरपंच माझ्याकडं बघून हसला.

मी विचारलं, "आप्पा, समद्यांचं सांगितलं. तुमच्या घरचं काय हाय हितं?"

आप्पा भिंतीचा सुटलेला पोपडा अंगठ्यानं दाबत राहिले.

"आमच्याकडं कुठलं लाकूड? आई नदीवरनं पानी आणायची. ह्या भित्ताडांच्या चिखलाला. दोन उन्हाळं." मग हसले. "पानी वाळलं की रं. आता काय न्हेऊ घरी?"

तोवर लोक खडूनं लाकडांवर खुणा करायला लागले होते. माझ्या वाशाकडं एक जण निघाला, तशी मी माझी काठी आपटली.

"माझा वासा निघणार न्हाई."

"आबा, फुकट सागवान मिळतंय की!" सरपंच म्हणाला.

"बापानं दिलंय. दिलेलं परत घ्यायची रीत न्हाई आमच्यात."

"मग एकटा वासा ठेवू कुठं? हवेत?"

"भिंतीवर. हाय तिथंच."

सरपंच वैतागून इंजिनियरला फोन लावायला बाहेर गेला. किराणावाला डोकं खाजवत म्हणाला, "मग माझ्याबी खिडक्या ऱ्हाऊ द्या."

आप्पा भिंतीला पाठ टेकून खाली बसले, आणि सगळे निघून गेले तरी उठले नाहीत. मग मीही त्यांच्याशेजारी बसलो.