हरणीसाठी नेसलेलं लुगडं

धोंडूभाऊ रोज सकाळी लुगडं नेसत. मिशा मात्र तशाच ठेवत.

लोणावळ्याला मास्तरकी लागली आणि मी त्यांच्या शेजारी बिऱ्हाड केलं. पहिल्याच सकाळी कुंपणापलीकडे हिरव्या लुगड्यातली एक धिप्पाड बाई पाठमोरी बसून गाईची धार काढताना दिसली. मी सभ्य माणूस. खाकरून मान खाली घातली. बाई वळली आणि मिशांना पीळ देत म्हणाली, "काय मास्तर, च्यासाठी दूध पायजे का?" माझ्या हातातला तांब्या पडला.

भाऊ मूळचे वडिवळ्याचे. विलायती साहेबाच्या हाताखाली रूळ बदलणारा सांधेवाला म्हणून रेल्वेत उभा जन्म काढलेला, त्यामुळे काहीही सुरळीत झालं की 'लाईन किलेर' म्हणायचे. बायको वारली तेव्हा तिची लाडकी गाय हरणी पान्हा सोडेना. वासरू लुचून लुचून, ढुशा देऊन दमलं. भाऊंनी आंबोण पुढे ठेवलं, पाठ खाजवली. काही उपयोग नाही. शेवटी खुंटीवरचं बायकोचं लुगडं नेसून खाली बसले, तेव्हा कुठे धार लागली. तेव्हापासून हा रिवाज.

मी वर्गात शिकवत असे की गाय चारा खाते, चाऱ्याचा रस रक्तात मिसळतो आणि त्या रक्तातून कासेत दूध तयार होतं. हे ज्ञान मी एकदा भाऊंनाही दिलं.

"ते बनायचं झालं," भाऊ म्हणाले. "बनल्याव सोडायचं का न्हाई, ते तिच्या मनाव हाय. तिला वाटतंय कारभारीनच बसलीया. लुगडं दिसलं न्हाई तर पान्हा चोरंल."

अख्खी आळी भाऊंना हसायची. माझी बायको तेवढी हसत नसे. तिला हसायला मी पुरत होतो.

पुढे भाऊंना हिवताप भरला. धार काढली नाही तर कास सुजणार. माझी बायको गाईला भिते आणि मला भीत नाही, म्हणून काम माझ्याकडे आलं. धोतर सोडून मी लुगडं नेसू लागलो. भाऊ खाटेवरून सूचना देत होते आणि दर वेळी कासोटा माझ्या हातातून निसटत होता.

गोठ्यात वासरू सोडलं, ते लुचलं, मी जीव मुठीत धरून खाली बसलो. तोच हरणीने पदरावर पाय दिला. मी दचकून उठलो आणि लुगडं तिच्या खुराखालीच राहिलं. अंगावर बंडी आणि लंगोट. कुंपणाशी बायको उभी, त्यामुळे बाहेर जायची सोय नाही. लपण्यासाठी गाईच्या आड पुन्हा बसलो, आणि बसलोच आहे तर म्हणून सड ओढले.

हरणीने भराभर पान्हा सोडला. लंगोटातल्या मास्तराकडे एकदा बघितलं आणि रवंथ करू लागली. तिला लुगडं लागतच नव्हतं. तिचं दुःख कधीच सरलं होतं.

ही बातमी कधी सांगतो असं मला झालं. कसंबसं लुगडं गुंडाळून, भरली चरवी घेऊन भाऊंकडे धावलो. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, "लुगड्याबिगर दिलं न्हाई ना तिनं?" त्यांचा हात माझ्या पदराच्या काठावरून फिरत होता. "खरं सांगा मास्तर. तिला अजून वाटतंय ना, कारभारीन हाय म्हून?"

मला त्या माणसाची इतकी माया आली की मी सरळ खोटं बोललो. "छे हो भाऊ. पदर नुसता सरकला तर लाथ उगारली."

"लय वळख हाय तिला," भाऊ म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले. "लाईन किलेर."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खाट गोठ्याकडच्या खिडकीशी ओढून घेतली. आता सुटका नव्हती. ते बरे होईपर्यंत मी रोज सकाळी लुगडं नेसून गोठ्यात जात असे, आणि माझी बायको शेजारणी गोळा करून कुंपणाशी उभी असे.

"मास्तर, पदर डोईवर घ्या," भाऊ खिडकीतून सांगत. "ती तसाच घ्यायची."

मी घेत असे.