प्लास्टिकमधला रुग्ण

"आधी श्वास बघ गं पोरी, रडायचं मागून."

भूकंपानंतर किल्लारीत ढिगारा उपसणाऱ्या कावेरीआत्याचा हा आवाज डॉ. तनुजाच्या कानात सहाव्या वर्षापासून मुक्कामाला होता. शासनाला मात्र तो ग्राह्य नव्हता. आत्याकडे प्रमाणपत्र नव्हतं.

सबब, अपघातग्रस्तांवरील तातडीच्या उपचारांचं पाच दिवसांचं प्रशिक्षण निघालं. इस्पितळात एसी फक्त अपघात विभागात, म्हणून वर्ग तिथेच भरला आणि दारावर पाटी लागली : 'अपघात विभाग प्रशिक्षणानिमित्त बंद.' सरावाचा रबरी पुतळा प्लास्टिकमध्येच राहिला. त्याचं अनावरण समारोपाला आरोग्य खात्याच्या साहेबांच्या हस्ते व्हायचं होतं. चार दिवस बेचाळीस डॉक्टरांनी त्या गुंडाळलेल्या देहाकडे आदराने पाहिलं.

पाचव्या दिवशी साहेबांची वाट बघणं चालू असताना सटवाजी लेकाला, बसवंतला, खांद्यावर घेऊन आत घुसला. जीप उलटली होती. बसवंतच्या गळ्यातून चिरलेल्या पाव्यासारखी घुरघुर येत होती.

"मामा, पाटी वाचली न्हाई का?" समन्वयक डॉ. वैजनाथ म्हणाले.

"वाचली साहेब. पण हितं एवढे डॉक्टर बसून राहिलेत की!"

"हे प्रशिक्षणार्थी हायेत. प्रमाणपत्र मिळालं की बघतील. साहेब देगलूर नाक्यावर आलेत."

तनुजा उठली. "सर, जबडा नुसता वर उचलला तरी श्वास मोकळा—"

"मॅडम, प्रमाणपत्राआधी हात लावला अन् काही झालं, तर जबाबदार कोण? बसा. फोटोत तुम्ही पुढच्या रांगेत हाव."

ती बसली.

साहेब आले. फेटे बांधले गेले; प्लास्टिक सोडवून पुतळ्यालाही एक बांधला. 'अपघातानंतरचा पहिला तास सोन्याचा' या विषयावर साहेब पन्नास मिनिटं बोलले. फोटो झाला. मग बेचाळीस पात्र डॉक्टर फेट्यांसकट बसवंतकडे धावले. तनुजाने त्याचा जबडा उचलला. घुरघुर केव्हाच थांबली होती.

अहवालात समारोप यशस्वी झाला. दिवस मावळेपर्यंत फेसबुकवर त्या फोटोखाली लाइकचे तीनशे अंगठे पडले. न बघता उठवलेला त्यातला एखादा आपलाही असेल.

सटवाजीने डोईचा रुमाल सोडून लेकाच्या तोंडावर पसरला. मग तनुजाकडे बघून, तिचीच समजूत घातल्यासारखा म्हणाला, "तुमाला तवर येतच नव्हतं, बाई. येत असतं तर तुमी बसला नसताव."

तनुजाने फेटा काढून हातात घेतला.

"येत होतं, काका," ती म्हणाली. "सहा वर्षांची होते, तेव्हापासून."