सगळे मावतील अशी लेन्स

एका जंगलात, मुलांनो, कुणालाच पाचाच्या पुढे मोजता येत नव्हतं. तरी वाघमहाराजांना एके दिवशी वाटलं, की आपल्या जंगलात आपले किती आणि उपरे किती, हे एकदा ठरून जावं.

त्यांनी दवंडी पिटवली. पौर्णिमेला सकाळी डोहाजवळच्या माळावर सगळ्यांनी यावं. एकच फोटो काढला जाईल. फोटोत जो दिसेल तो जंगलातला. जो दिसणार नाही त्याने संध्याकाळच्या आत हद्दीबाहेर जावं.

फोटो काढायचं काम सखबाकडे आलं. सखबा म्हणजे एक उदमांजर. स्वभावाने गरीब आणि हाताने स्वच्छ. त्याच्याकडे एक लहानसा डिजिटल कॅमेरा होता. पण त्याच्या लेन्समध्ये फार तर एक हत्ती मावायचा, तोही सोंड गुंडाळून.

आता तुम्ही म्हणाल, मग मागे सरकायचं. पण माळ लहान होता आणि मागे डोह होता. सखबाच्या आधी दोन फोटोग्राफर होऊन गेले. दोघेही "अजून थोडं मागे जातो" असं म्हणत मागे गेले होते. पुढे ते कुणाला दिसले नाहीत.

"महाराज, वाइड लेन्स लागेल," सखबा म्हणाला. "जागच्या जागी उभं राहून सगळे मावतात तिच्यात."

"घे की," महाराज म्हणाले. "वापरलेली घे. नवीन कशाला?"

सखबा आधी घुबडाकडे गेला. आबासाहेब घुबडांनी जगातल्या सगळ्या लेन्सबद्दल वाचलं होतं. कॅमेरा त्यांनी कधी हातात धरला नव्हता, त्यामुळे त्यांचं मत निर्मळ राहिलं होतं.

"या लेन्समध्ये कोपरे पुसट येतात," आबासाहेब म्हणाले. "त्या लेन्समध्ये उन्हाचे डाग पडतात. तिसरीची काच उत्तम, पण झाकण मला पटत नाही."

"पण घेऊ कुठली?"

"ते तुझं तू ठरव. मी फक्त तौलनिक सांगतो."

दुपारपर्यंत ते तौलनिक सांगत राहिले. अगदी शेवटी त्यांनी एक कामाची गोष्ट सांगितली. "तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान आहे. मोठ्या कॅमेऱ्याची लेन्स त्यावर बसेल, पण कडा कापल्या जातील आणि वाइड लेन्स वाइड राहणार नाही. घेण्याआधी लावून बघ."

सखबाला तोवर झोप लागली होती.

वापरलेल्या वस्तूंचं दुकान एकच होतं, मगरकाकूचं. डोहाकाठच्या वाळूवर तिने दोन कॅमेरे, तीन लेन्सा आणि एक टोपी मांडून ठेवली होती.

"ही वाइड बघ," काकू म्हणाली. "एकाच मालकाने वापरलेली आहे."

"मूळ मालकाने का विकली?"

"त्याला आता लागत नाही."

सखबाने लेन्स उन्हात धरली. आत बुरशी नव्हती. फोकसची रिंग लोण्यासारखी फिरत होती. बाहेरून दोन खोल चरे होते, एकमेकांपासून बरोबर एका दाताच्या अंतरावर. कॅमेऱ्याला लावून बघावी असं त्याच्या मनात आलं, पण तेवढ्यात काकू जरा जवळ सरकली. सखबाने टोपलीभर खेकडे तिच्यापुढे ठेवले आणि तो लगबगीने निघाला.

"नाही पटली तर परत आण," काकू मागून म्हणाली. "मी इथेच असते."

पौर्णिमेला माळ भरून गेला. मधोमध वाघमहाराज आणि त्यांच्या मागे दोन तरस उभे राहिले. सखबाने कॅमेरा डोळ्याला लावला. दोन्ही कडांचे प्राणी बाहेरच राहत होते. इकडे पिसोरी नावाची चिमुकली हरिणी, खवल्यामांजर, सशांची अख्खी आळी. तिकडे साळिंदर आणि माकडं.

"जरा मध्ये सरका," तो म्हणाला.

कुणीच सरकलं नाही. महाराजांच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस हात जागा मोकळी होती. पिसोरीने त्या जागेकडे पाहिलं, मग महाराजांकडे पाहिलं. "आम्ही इथेच बरे आहोत," ती म्हणाली.

सखबाने धीर केला. "महाराज, आपण थोडे कडेला उभे राहिलात तर सगळे मावतील."

"कडेला? मी?" महाराजांनी शांतपणे विचारलं.

सखबा एक पाऊल मागे गेला. मग आणखी एक. पायाला गार पाणी लागलं.

"अजून थोडं मागे ये," पाठीमागून काकू मायेने म्हणाली. "सगळे बसतील."

सखबाने बटण दाबलं आणि उडी मारून पुढे आला.

दुपारी कोल्हा कारकुनाने फोटोवरून यादी वाचली. फोटोत महाराज होते, दोन तरस होते आणि भरपूर मोकळी जागा होती. साळिंदराचे फक्त काटे आले होते. त्यांची नोंद गवत अशी झाली. मगरकाकूचंही नाव यादीत नव्हतं, पण तिला ते कळवायला कुणी गेलं नाही.

"माझं नाव राहिलं," सखबा म्हणाला. "फोटो मीच काढलाय."

"तू यात कुठे आहेस, दाखव," कोल्हा म्हणाला.

सखबाने फोटो उलटसुलट करून पाहिला. तो कुठेच नव्हता.

संध्याकाळी सगळे हद्द ओलांडून टेकडीपलीकडे गेले. कुणी सखबाशी बोलत नव्हतं. सगळा दोष त्याचा आणि त्याच्या स्वस्तातल्या लेन्सचा, असंच सगळ्यांना वाटत होतं. त्यालाही तसंच वाटत होतं. शेवटी पिसोरीच म्हणाली, "आता इथला तरी एक फोटो काढ बाबा."

सगळे एकमेकांना खेटून उभे राहिले. ससे माकडांच्या खांद्यांवर बसले. सखबाने कॅमेऱ्यातून पाहिलं. मग डोळा चोळून पुन्हा पाहिलं. सगळे मावले होते आणि कडेला एका उदमांजरापुरती जागा उरली होती. त्याने कॅमेरा दगडावर ठेवला, टायमर लावला आणि पळत जाऊन त्या जागेत उभा राहिला.

तेव्हा मुलांनो, तात्पर्य असं: वापरलेली लेन्स घेताना आत बुरशी बघावी, बाहेर चरे बघावेत आणि लावून बघितल्याशिवाय घेऊ नये. इतकं करूनही फोटोत सगळे मावले नाहीत, तर लेन्स बदलावी. मधोमध कोण उभं आहे, तिकडे लक्ष देऊ नये.