चाचणीचं पाणी

लॅपटॉपला कुंकू नेमकं कुठं लावायचं, हा प्रश्न लासुर्ण्याच्या पाणीवापर संस्थेच्या ऑफिसात ऐन दुपारी उभा राहिला.

"स्क्रीनला नको, आई!" दिग्विजय ओरडला. "झाकणाला लाव."

"आरं पर काम आतनं चालतंय न्हवं?" असं म्हणून प्रयागबाईंनी दोन्हीकडं लावलं.

दिग्विजय पुण्याच्या कंपनीत नोकरीला. घरून काम करता करता गावातच रुळला होता, आणि आता कंपनीनं सोमवारपासून ऑफिसात हजर व्हायचा हुकूम काढला होता. जायचं तर त्याच्या जिवावर आलं होतं. मग गड्यानं गावातच धंदा काढायचं ठरवलं आणि पहिलं काम धरलं ते पाणीवापर संस्थेचं. कालव्याचं पाणी गावच्या चारीला, म्हणजे शेतांकडं जाणाऱ्या पाटाला, आलं की कुणाची पाळी कधी, हे सेक्रेटरी अकबरभाईंनी ऑफिसात भरायचं आणि सभासदाच्या मोबाइलवर आपोआप मेसेज जायचा, अशी वेब सर्व्हिस. वडील जोतीरामतात्या मात्र निकाल देऊन मोकळे झाले होते. "आजच्या सभेत मंजूर झालं तर ऱ्हा हितं. न्हाय तर सोमवारी पुण्याची एसटी."

घोडं अडलं होतं ते सभेपाशीच. नवं काम मंजूर करायला कोरम लागतो आणि ही सभा कोरमअभावी दोनदा तहकूब झालेली. जावळाला बोलवा, सारं गाव लोटेल. सभेला येणार चेअरमन, सेक्रेटरी आणि चहा घेऊन येणारा, बस्स.

पण दिग्विजयला कशाची म्हणून धास्ती नव्हती. आपण केलेलं काम चुकूच शकत नाही, हे तो लहानपणापासून धरून चालला होता.

"आबा, प्रोजेक्ट एकदम रेडी हाय. सर्व्हर चालू केला, डेटाबेस जोडला. आता निस्ती टेस्टिंग."

चेअरमन सर्जेरावआबांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. "हे टेस्ट एक, टेस्ट दोन कोन हायती रं? ह्यांचं रान कुठं हाय?"

"खोटी नावं हायती, आबा. चाचणीपुरती."

"आन शुभारंभ माज्या हातनं? खोट्या नावांचा? आरं, पायाचा नारळ काय दुसऱ्याच्या जागेत फोडत्यात व्हय? खरी यादी घाल. पयलं नाव माजं."

दिग्विजय हसला. त्याच्या हिशेबी मेसेज पाठवायची सोय चाचणीवर ठेवलेली. बटण दाबलं तरी काही लॅपटॉपच्या बाहेर जाणार नव्हतं. त्यानं बिनधास्त सगळ्या सभासदांची यादी भरली. विसरला तो एवढंच, की आदल्या दिवशी आईच्या मोबाइलवर मेसेज पाठवून दाखवायच्या नादात त्यानंच ती सोय खऱ्यावर केली होती आणि तशीच ठेवली होती.

नारळ फुटला. आबांनी टोपी सारखी केली आणि बटण दाबलं.

"पाच येळा दाबा, आबा," प्रयागबाई म्हणाल्या. "शुभ आसतंय."

"दाबा की," दिग्विजय म्हणाला. "काय फरक पडतोय!"

आबांनी डोळे मिटून आणखी चार वेळा दाबलं. मिटलेले डोळे उघडायच्या आत त्यांच्या खिशातला मोबाइल वाजायला लागला. मग अकबरभाईंचा वाजला. मग भिंतीपलीकडे, दुकानात, रस्त्यावर, जिकडेतिकडे टुंग टुंग सुरू झालं.

"'आपल्या पाण्याची पाळी आत्ता सुरू झाली आहे. त्वरित चारीवर हजर राहावे,'" आबांनी कौतुकानं वाचलं. "झकास! पाचीच्या पाची आलं की!"

दिग्विजयच्या तोंडचं पाणी पळालं.

आता बाहेरची परिस्थिती अशी, की कालव्याच्या पाण्याचं उन्हाळी आवर्तन कधी सुटतंय याकडे सगळा शिवार डोळे लावून बसलेला. ऊस वाळायला लागलेला. अशात पाळीचा मेसेज, तोही एकामागोमाग पाच वेळा! कुणी ताटावरून उठलं, कुणी अर्धी दाढी ठेवून निघालं. मोटारसायकली, ट्रॅक्टर, खोरी, टिकाव असा लवाजमा चारीकडे सुटला. संस्थेचं ऑफिस चारीच्या अगदी तोंडाशी.

"पाळी माजी हाय!" साखरबाई चारीच्या काठावर खोरं रोवून उभ्या राहिल्या. वयानं सत्तरीच्या, पण पाण्यासाठी सख्ख्या दिराला न ऐकणाऱ्या.

"तुजी कशी? मेसेज मला आलाय!" जोतीरामतात्या म्हणाले. लेकाच्या कामावर त्यांचा विश्वास नव्हता, पण पाण्याचं म्हटल्यावर तेही धावत आले होते.

"मला पाच आल्यात!"

"मला काय चार आल्यात व्हय?"

भांडण रंगात आलं तेव्हा कुणाचं तरी लक्ष चारीत गेलं. चारी कोरडीठाक. मधोमध एक शेळी निवांत पाला खात उभी. मग सगळ्या खोऱ्यांची तोंडं ऑफिसकडे वळली.

"लगा दिग्विजय, मागच्या दारानं जा," अकबरभाई कुजबुजले.

दिग्विजय खरंच उठला होता. पण खिडकीतून त्यानं गर्दी बघितली आणि त्याचे डोळे चमकले. "अकबरभाई, कोरमला किती माणूस लागतंय?"

अकबरभाईंनी खिडकीतूनच डोकी मोजली आणि खुर्चीच धरली. "आबा... कोरम झाला!"

एवढ्या वर्षांच्या कारकिर्दीत आबांनी हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. ते भरल्या डोळ्यांनी बाहेर आले. "मंडळी, सभा सुरू झाली. बसून घ्या."

"सभा? आन पानी?" साखरबाई कडाडल्या.

"पानी सुटल्याव येनार. ही चाचनी हुती," दिग्विजय छाती काढून म्हणाला. "मेसेज कुणाला पोचला न्हाय, त्यांनी हात वर करा."

एकही हात वर झाला नाही.

"मंजी चालतंय का न्हाय?"

चालतंय तर खरं! शिव्या देत देत का होईना, सभेनं काम एकमतानं मंजूर केलं. घरी जाताना तात्या एवढंच म्हणाले, "ऱ्हा आता." दिग्विजयनं त्याच संध्याकाळी नोकरीचा राजीनामा धाडला.

आणि पुढच्याच आठवड्यात खरोखरचं पाणी सुटलं. दिग्विजयनं या वेळी एकेकाच्या पाळीप्रमाणे, एकेकच मेसेज पाठवला आणि लॅपटॉप काखेत मारून ऐटीत चारीवर गेला. चारी दुथडी भरून वाहत होती. काठावर अकबरभाई एकटेच. चिटपाखरू नव्हतं.

त्यानं साखरबाईंना फोन लावला.

"परत सभा हाय व्हय?" पलीकडून आवाज आला. "मंजूर म्हनून लिवा माजं." फोन बंद.

तात्यांना लावला. "तात्या, पानी आलंय!"

"आलं आसंल, आलं आसंल. मी न्हाय येत सभेला."

पाणी ओढ्याला चाललेलं. अकबरभाईंनी कपाळाला हात लावला. "गेली की रं सर्व्हिस! आता पुण्याला जायचंबी दार बंद."

दिग्विजयनं काठावरच बसकण मारली. मग त्यानं लॅपटॉप मांडीवर घेतला, सगळी यादी निवडली आणि नवा मेसेज टाइप केला: 'आज चारीला पाणी आलेले नाही. कुणीही चारीकडे फिरकू नये.'

"येडा झालास का काय?" अकबरभाई म्हणाले.

"बघा तर."

चहा व्हायच्या आत धुरळा उठला. मोटारसायकली, ट्रॅक्टर, खोरी, टिकाव! सगळ्यात पुढं साखरबाई.

"न्हाय म्हंत्यात, मंजी कुनीतरी गुपचूप पानी तोडतंय!" त्या लांबूनच ओरडत होत्या. "कोन हाय त्यो?"

त्यांच्या मागोमाग धापा टाकत आलेले तात्या खोरं खाली टाकून पाण्याकडे बघतच राहिले.

"पाळीनं घ्या, तात्या," दिग्विजय म्हणाला. "तुमचा नंबर साखरबाईंच्या मागं हाय."