श्रावणातला शाकाहारी

स्वानंदने तो किडा घरात ठेवून घेतला, कारण त्याच्याकडे बघून ऋता हसली होती.

लग्नाला चार महिने झाले होते आणि या चार महिन्यांत ऋता साधारण चाळीस वाक्यं बोलली होती. (त्यातली बारा "चहा ठेवू का?" अशी होती.) जुईनगरच्या त्या वन बीएचकेमध्ये बोलण्याचं सगळं काम एकट्या स्वानंदवर पडलं होतं. पावणे एमआयडीसीतल्या एका कंपनीत परचेसमध्ये असल्यामुळे त्याला बोलायची सवय होतीच, पण घरी समोरून कोटेशनच येत नव्हतं.

अशात एका सकाळी बाल्कनीतल्या कढीपत्त्यावर बोटाएवढा हिरवागार किडा दिसला. पुढचे दोन पाय जोडून, मान तिरकी करून तो थेट स्वानंदकडे बघत होता. स्वानंदनेही नकळत हात जोडले. आणि ऋता हसली, चक्क आवाज करून.

झालं. वरच्या मजल्यावरून माशांची रिकामी काचेची टाकी आली, तिला वरून जाळी लागली आणि किड्याचं नाव रावसाहेब पडलं. स्वानंदने दोन रात्री मोबाइलवर व्हिडिओ बघितले आणि तिसऱ्या दिवसापासून तो तज्ज्ञ झाला.

"याला प्रार्थना कीटक म्हणतात," तो सांगू लागला. "हा नर आहे. अंगाने केवढा आहे बघ, रुबाब बघ."

"मोठा असतो तो—"

"नरच! बरोबर ओळखलंस."

ऋता छोट्या निळ्या वहीत काहीतरी लिहू लागली. आपलं बोलणं बायको लिहून घेते, हे पाहून स्वानंदचा ऊर भरून आला.

तेवढ्यात चिपळूणहून आई आली. सुनेची पहिली मंगळागौर होती, त्यामुळे अरुणाताई महिनाभर मुक्कामाच्या तयारीने आल्या होत्या. टाकीसमोर उभ्या राहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "हा खातो काय?"

खरं तर रावसाहेब माश्या खात. जिवंत. पण श्रावणात या बाईंच्या घरात अंड्याचं चित्र असलेली पिशवीसुद्धा येत नसे.

"पाला," स्वानंद म्हणाला.

"शाकाहारी! आणि हात जोडून बसतो!" अरुणाताई विरघळल्या. "गेल्या जन्मीचा कुणी पुण्यवान जीव असणार रे." त्या दिवसापासून टाकीला रोज ताजी दूर्वा मिळू लागली, आणि स्वानंद बाथरूममध्ये कडी लावून माश्या पकडू लागला.

मग त्याला वाटलं, रावसाहेब एकटे पडतात. कंपनीतल्या कुंदनने मागच्या गवतातून मिठाईच्या डब्यात दुसरा एक आणून दिला. हा सडपातळ आणि लाजाळू होता. स्वानंदने त्याचं नाव छबी ठेवलं.

ऋता पटकन म्हणाली, "दोघांना एकत्र नको ठेवूस."

"अगं, जोडी आहे ती!" स्वानंद म्हणाला. "आपल्यासारखी."

ऋताने वहीत आणखी एक ओळ लिहिली.

मंगळवारी संध्याकाळी घर बायकांनी भरून गेलं. स्वानंद हाफ डे टाकून आला होता. हॉलमध्ये देवी, तिच्यापुढे पत्रीचा ढीग, आणि शेजारी अरुणाताईंनी हौसेने मांडलेली काचेची टाकी. "आमच्याकडे यंदा जोडीने पूजेला बसलेत," असं त्या प्रत्येकीला सांगत होत्या. चौथ्या मजल्यावरच्या उज्वलाकाकूंनी टाकीला हळदकुंकूसुद्धा लावलं. सोसायटीमागच्या आगरी गावातल्या जुन्या घरातून आलेल्या गिरजाबाई सोफ्यावर पाय घेऊन ऐसपैस बसल्या होत्या.

फुगड्या झाल्या, आणि सगळ्यांनी ऋताला घेरलं. "नाव घे, नाव घे!"

ऋता लाल झाली. लग्नातही तिने उखाण्याऐवजी नुसतंच "स्वानंद" म्हटलं होतं, हजेरी घेतल्यासारखं. स्वानंद स्वयंपाकघराच्या दारात श्वास रोखून उभा राहिला. आज तरी ती दोन ओळी बोलेल का?

तेवढ्यात उज्वलाकाकू किंचाळल्या, "अगं बाई! नवरा बायकोला खातोय!"

रावसाहेबांनी छबीला घट्ट धरलं होतं आणि डोक्यापासून सुरुवात केली होती. शांतपणे, चवीने, मक्याचं कणीस खावं तसं.

"माझ्या सुनेच्या पहिल्या मंगळागौरीला?" अरुणाताई मटकन खाली बसल्या. "स्वानंद, पाला खातो म्हणालास ना रे?"

"आई, ते... प्रेमाने..."

"प्रेमाने डोकं खातात?"

(स्वानंद स्वतः चार महिने हेच करत होता.)

"हा अपशकुन आहे," उज्वलाकाकू म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता ती टाकी फेका बाहेर."

"थांबा गो," गिरजाबाई पाय खाली सोडत म्हणाल्या. "कोन कोनाला खातंय ते नीट सांगा. माजा चष्मा घरी हाय."

"आई," ऋता म्हणाली. एवढ्या गोंधळात तो बारीक आवाज सगळ्यांना ऐकू गेला, कारण तो आजवर कुणी ऐकलेलाच नव्हता. "रावसाहेब मादी आहेत. मोठी असते ती मादी. बारीक असतो तो नर."

"म्हणजे?"

"म्हणजे बायकोने नवऱ्याला खाल्लं."

मग गिरजाबाईंनी पाय पुन्हा सोफ्यावर घेतले. "मंग एवरा आरडा कशाला? मना वाटला कायतरी वाईट झाला."

हॉल हशाने दणाणला. उज्वलाकाकूंनी वाकून टाकीकडे नव्या आदराने बघितलं आणि कुंकू पुन्हा लावलं. अरुणाताईसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्या गडबडीतच ऋताने पदर सावरला आणि एका दमात म्हणाली:

"काचेच्या पेटीत बायकोने नवरा केला फस्त,
स्वानंदराव बचावले, आमच्याकडे श्रावण सक्त!"

पुढे पाच मिनिटं कुणालाच फुगडी घालता आली नाही.

बायका गेल्यावर स्वानंदने विचारलं, "तुला हे सगळं कसं माहीत?"

"माझं एम.एस्सी. प्राणिशास्त्रात आहे," ऋता म्हणाली. आई समोर असल्यामुळे तिने "अहो" जोडलं. "बायोडेटात होतं, अहो."

स्वानंदला बायोडेटातला फक्त फोटो आठवत होता.

"मग मी रोज एवढं सांगायचो, तेव्हा तू वहीत काय लिहायचीस?"

ऋताने वही पुढे केली आणि ती चहा ठेवायला आत गेली. किड्यांची नोंद शेवटच्या दोनच पानांवर होती. पहिलं पान लग्नानंतरच्या आठवड्यातलं होतं. त्यावर सुबक अक्षरात लिहिलं होतं:

"नर. वय एकतीस. सतत आवाज करतो. डोक्याचा वापर कमी. निरुपद्रवी. पाळायला हरकत नाही."