कोंब फुटायच्या आत

पार्वतीकाकू माणसाला ज्या दिवशी कामावर घेतात, त्याच दिवशी त्याचा निरोप समारंभ करतात.

दिवेआगरला त्यांची काथ्याची शेड आहे. तुरुंगातून सुटलेले, दारूतून बाहेर पडलेले, नवऱ्याने टाकलेल्या, ज्यांना कोणी दारात उभं करत नाही अशांना त्या तीन महिने सुंभ वळायला ठेवतात आणि तेवढ्यात कुठेतरी कायमची नोकरी पाहून देतात. पहिल्या सकाळी खांद्यावर टॉवेल, हातात न सोललेला नारळ आणि भाषण: "तू हितं राह्याला न्हाय, जायाला आलायस. याला कोंब फुटायच्या आत गेलं पायजे." मग नारळावर खडूने नाव लिहून तो फळीवर ठेवतात. रोजची हजेरी माणसांची नाही, नारळांची.

मी निवृत्त शिक्षक. पत्नी गेली तेव्हा काकूंनी मला या लोकांचे नोकरीचे अर्ज लिहायला बोलावलं. मलाही टॉवेल, नारळ आणि तेच भाषण. जेवणाच्या सुट्टीत मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसतो. पूर्वी पत्नीला वाचून दाखवायचो, आता मनातच वाचतो. "मनात वाचून पोट भरतं व्हय?" असं काकू जाता जाता विचारतात.

सदू चोरीची शिक्षा भोगून आला होता. त्याचे सगळे अर्ज मीच लिहिले. सगळीकडून एकच उत्तर आलं, "कळवतो." तिसरा महिना संपत आला आणि त्याच्या नारळाला पांढरा कोंब दिसला. घाबरून त्याने तो ढिगात लपवला, तिथला दुसरा नारळ उचलला, त्यावर आपलं नाव लिहिलं आणि फळीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी हजेरीला काकू तिथेच थांबल्या.

"सदू, ह्यो तुजा नारळ न्हाय."

"नाव हाय ना काकू?"

"नाव तुजं, तोंड दुसऱ्याचं. माज्या फळीवरचा नारळ मी वळखत न्हाय व्हय?"

सदूने मान खाली घातली. "हितनं काढलंत तर माजा भाऊ घराचं दार उघडायचा न्हाय, काकू."

काकूंनी पदर खोचला आणि रिक्षा थेट बर्फाच्या कारखान्यावर नेली. सदू मध्ये, अर्ज घेऊन मी कडेला.

"चोरीतला माणूस कसा ठेवू, काकू?" मालक म्हणाला.

"चोर? ह्यो? काल एक नारळ लांबवायला गेला, सकाळच्याला सापडला! इतका कच्चा चोर तुमाला शोधून मिळायचा न्हाय."

मालक आधी हसला, मग त्याने सदूकडे नीट पाहिलं. सदू कामाला लागला.

संध्याकाळी शेडमागे गेलो. काही वर्षांपूर्वी वादळाने तिथली सगळी झाडं पाडली होती. मोकळ्या वाडीत काकू सदूचा कोंब आलेला नारळ लावत होत्या. शेजारी रोपांची ओळ होती. ज्यांना उशीर झाला, त्या साऱ्यांचे नारळ. काकू एकेकाला नावाने हाक मारून पाणी घालत होत्या.

टोकाचं रोप माझ्या कमरेएवढं होतं.

"हे कोणाचं?"

"तुमचं, मास्तर. दोन वरसं झाली."

माझा नारळ मी विसरूनच गेलो होतो. "मग मला जायला का नाही सांगितलंत?"

काकूंनी बादली माझ्या हातात दिली.

"उद्या पुस्तक हितं आना," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "आनि मोठ्यानं वाचा. माज्या घरात तरी कोन बोलतंय?"