गल्लीची बुद्धी मोजणारा माणूस

सर्व संबंधितांस कळवण्यात येते की, आमच्या गल्लीतल्या एकूण एक माणसाची बुद्धी रीतसर मोजून झालेली आहे. निकाल मात्र गुप्त आहे. तो फुटल्यास गल्लीतली शांतता धोक्यात येईल, असं मोजणाऱ्याचं मत आहे.

मोजणारा म्हणजे माझे शेजारी अंबादास. सगळे त्यांना टेस्टसर म्हणतात. तीस वर्षं एका दवाखान्यात बुद्धीच्या चाचण्या घेऊन ते निवृत्त झाले. खिशातलं स्टॉपवॉच काही निवृत्त झालं नाही. चहाच्या गाड्यावर उभे राहतील आणि अचानक विचारतील, "होडी आणि रिक्षा. दोन्हींत सारखं काय?"

"दोन्हींत बसलं की कंबर दुखती," चहावाला म्हणाला.

सरांनी घड्याळ थांबवलं. "छान. पुढचं."

हे त्यांचं पालुपद. परीक्षा घेणाऱ्यानं चूक की बरोबर हे चेहऱ्यावरसुद्धा दिसू द्यायचं नसतं, असा त्या धंद्याचा नियम. सर तो घरीदारी पाळत. माझा मुलगा बारावीत नापास झाला तेव्हा मी रडवेला होऊन त्यांच्याकडे गेलो. "छान," म्हणाले, "पुढचं."

एकदा मी त्यांना खनपटीलाच बसलो. माझं सोलापुरात नवी पेठेत कापडाचं दुकान. मला मापाची समज आहे, असं मी समजत होतो. म्हटलं, "सर, माझे शंभरपैकी किती?"

"अप्पा, शंभरपैकी नसतं ते. तुमची मीटरपट्टी न्हाय ही. ही रांग आहे. तुमच्या वयाची सगळी माणसं उभी करायची आणि बघायचं, तुम्ही कुठं उभे आहात. शंभर म्हणजे बरोबर मधोमध."

"म्हणजे निम्मी गल्ली मधल्याच्या मागं?"

"कुठल्याही रांगेत निम्मे मागंच असतात की."

"मग त्यात अक्कल कळते?"

"आकडे ध्यानात राहतात का, ठोकळे जुळवता येतात का, दोन गोष्टींतलं सारखेपण दिसतं का, हे कळतं. तुम्ही गिऱ्हाइकाला कसं गुंडाळता ते नाही कळत. त्याचा पेपर अजून निघालेला नाही."

तत्त्वाला माणूस इतका पक्का, की करमाळ्याचे एक बडे गृहस्थ नातवाला घेऊन आले, प्रश्न आधी सांगा म्हणाले, तर सरांनी त्यांना उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. "काट्यावर चढवायच्या आधी पोराला दगड खायला घालू का? वजन भरेल. पोर वाढणार नाही."

घरात सर आणि त्यांची थोरली बहीण अक्का, दोघंच. आईबाप लवकर गेले. अक्कानं चाळीस वर्षं चादरीच्या कारखान्यात माग चालवला आणि भावाला शिकवलं. स्वतः मात्र शाळेची पायरी चढली नाही. दोघांचंही लग्न राहून गेलं. घर मूळ तेलुगू विणकरांचं; भांडण तेलुगूत, हिशोब मराठीत, असा त्यांचा संसार.

गेल्या महिन्यात एका दुपारी शेंगाचटणीची वाटी घेऊन मी त्यांच्या दारात गेलो आणि तिथंच थबकलो. आतून सरांचा आवाज येत होता.

"अक्का, सात, दोन, नऊ. उलटं सांग."

"नऊ... दोन... आणि एक हुता की. कुटं गेला त्यो?"

"सात, अक्का. परत."

सरांनी मला पाहिलं आणि बाहेर आले. अक्का दोनदा गॅस चालू ठेवून झोपली होती. मलाही तिनं त्या आठवड्यात माझ्या वारलेल्या वडिलांच्या नावानं हाक मारली होती. डॉक्टरांनी सोमवारी तिची तपासणी ठेवली होती.

"सर," मी हळूच म्हणालो, "दगड खायला घालताय."

"व्हय." ते खाली बघत राहिले. "अप्पा, आकडा कमी पडला की डॉक्टर आजाराचं नाव लिहितील. दुसऱ्यांच्या घरात मी ते तीस वर्षं बघितलंय. पुढं काय काय होतं ते सगळं मला ठाऊक आहे. आधी डोक्यातून वार जातो, मग रस्ता जातो. शेवटी घरातली माणसं." मग म्हणाले, "आमच्या घरात माणूस एकच आहे."

सोमवारी सरांच्या जुन्या दवाखान्यात मीही सोबत गेलो. नातेवाइकांना आत बसता येत नाही. आम्ही बाहेर बाकावर बसलो, दार अर्धवट उघडं होतं. आत नवी, तरुण मुलगी होती. सरांच्या जागेवरचीच.

"आजी, आज वार कोणता?"

"सोमवार!" अक्का जोरात म्हणाली. सरांचा गुडघा हलायचा थांबला.

"आणि आत्ता आपण कुठं आहोत?"

"नऊ, दोन, सात," अक्का ऐटीत म्हणाली.

सरांनी डोळे मिटले.

मग मुलीनं लाल-पांढरे ठोकळे मांडले आणि एक चित्र दाखवलं. पांढऱ्यात लाल चौकट. असंच करा, म्हणाली. अक्काचे हात असे चालले, की जणू ते दुसऱ्याच कुणाचे असावेत. पाहता पाहता जुळणी झाली. लालात पांढरी चौकट.

"आजी, उलटं झालं का?"

"उलटं कशाला? मागची बाजू हाय ही. पुढची तुज्या कागदावर हाय की."

मी कापडवाला. सोलापुरी चादर पुढून लाल तर मागून पांढरी, हे मला कुणी सांगायला नको. मी आनंदानं सरांकडे पाहिलं. सर बाकावरून अर्धे उठले होते. तसेच परत खाली बसले. त्या गुणांच्या तक्त्यात मागच्या बाजूला शून्य असतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

मुलीनं पेन खाली ठेवलं आणि मायेनं विचारलं, "आजी, हे सगळं तुम्हाला आधी कुणी शिकवलं का?"

अक्कानं अर्धवट उघड्या दाराकडे पाहिलं. आपण हळू बोलतोय अशी तिची समजूत असावी. सगळा व्हरांडा ऐकत होता.

"चुकलं तर चुकलं लिही गं पोरी, माजं काय जात न्हाय. पण भाईर गेलीस की त्येला अक्का पास झाली म्हणून सांग, महिना झाला, धड जेवंना झालाय."